बायकांच्या वॉर्डात गेलेला टॉर्च

मित्रांनो, पितळेचा, दोन सेलांचा आणि पोटाशी जरासा चेपलेला असा मी एक जुना टॉर्च आहे. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाच्या कडेला एक लहानसा दवाखाना आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या तळकप्प्यात माझा मुक्काम असतो. शेजारी गरम पाण्याची एक रबरी पिशवी आहे. तिला कोणी काही विचारत नाही आणि तीही कोणाला काही सांगत नाही. माझा स्वभाव तसा नाही. मला बोलायला आवडतं, आणि आता कामही फारसं उरलेलं नाही. तेव्हा ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा गोल वळवला, आत स्प्रिंग बसवली, पुढे आरसा आणि काच लावली, की झाला टॉर्च. ना बारसं, ना पाळणा. घुग्घुसच्या एका दुकानात मी काचेमागे बसून होतो, तिथून मला हरिदासभाऊंनी घेतलं. ते कोळशाच्या खाणीत कामाला होते. त्यांच्या मोटरसायकलचा दिवा बेभरवशाचा होता, म्हणून शिफ्टला जाताना मी त्यांच्या खिशात असे. रस्त्यावर ट्रकांची रांग आणि धूळ. माझ्या काचेवर काळा थर बसला, की हरिदासभाऊ मला शर्टाच्या बाहीने पुसत. इतक्या मायेने त्यांनी स्वतःचं तोंडही कधी पुसलं नसेल.

मग हरिदासभाऊंना एक आजार झाला. आमच्या भागात मच्छर चावून हत्तीरोग होतो. कोणाचा पाय सुजतो, तर पुरुषांना कधी कधी अंडकोशात पाणी भरतं. त्याला हायड्रोसिल म्हणतात. त्यात हसण्यासारखं काही नाही, पण लोक हसतात. म्हणून हरिदासभाऊंनी घुग्घुस टाळलं, चंद्रपूर टाळलं आणि ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही अशा या जंगलातल्या दवाखान्यात येऊन ऑपरेशन करून घेतलं. बरे होऊन घरी निघाले तेव्हा त्यांनी मला इथल्या डॉक्टरीणबाईंच्या हाती दिलं.

"बाई, हा ठेवा. मायापेक्षा तुमाले याचं काम जास्त," ते म्हणाले.

मला कोणी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, हे मी लपवत नाही.

पण ते वाईट वाटणं टिकलं नाही, कारण इथे मला मान मिळाला. दवाखान्याचा कारभार डॉक्टर उर्वशी नावाच्या डॉक्टरीणबाई बघत. हिवाळ्यात हायड्रोसिलच्या ऑपरेशनांचं शिबिर भरे आणि चंद्रपूरहून डॉक्टर गुणवंतराव हे सर्जन येत. एरवीही ते अधूनमधून फेरी मारत. सूज तपासताना ते खोलीच्या खिडक्या लावून घेत, मला सुजेच्या एका बाजूला टेकवत आणि दुसऱ्या बाजूने काळ्या कागदाच्या सुरळीतून बघत. आत स्वच्छ पाणी असलं, तर माझा उजेड पलीकडे लाल दिसे. आतडं किंवा घट्ट गाठ असली, तर पलीकडे अंधार. मित्रांनो, तुम्ही अंधारात टॉर्चवर बोटं धरून बघितली असतील. तोच लाल रंग. सुई नाही, चिरा नाही, नुसत्या उजेडाने आतलं कळायचं. छतावरच्या ट्यूबलाइटला हे कधी जमलं नाही. ती नुसतीच गुणगुणायची.

माझ्या गळ्यात सुतळी बांधून मला पुरुषांच्या वॉर्डातल्या खिळ्याला टांगलेलं असे. भिंतीपलीकडे बायकांचा वॉर्ड होता. तिकडे मला कोणी कधी नेलं नाही. हायड्रोसिल हा पुरुषांचा आजार आणि टॉर्च हायड्रोसिलचा, म्हणून टॉर्चही पुरुषांचाच, अशी इथली रीत पडून गेली होती. मात्र मधली भिंत छताला पोचत नव्हती. त्यामुळे पलीकडचं बोलणं मला सगळं ऐकू येई.

सत्त्याण्णव सालच्या शिबिरात इस्तारी नावाचा एक ढिवर आला होता. तलावात जाळं टाकून मासे धरणारा, अंगाने काटक, बोलायला लाजरा. त्याच्यावरही माझा लाल उजेड पडला, ऑपरेशन झालं आणि तो घरी गेला. त्याची बायको गोकुळा. नवरा अंथरुणावर होता तेव्हा त्याचे कपडे आणि पट्ट्या तिने गावच्या तलावात उभ्याने धुतल्या. त्यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. तिलाही तसंच वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात गोकुळा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून झिंगे धरत होती. काठाकडे येताना ओलं लुगडं अंगाला चिकटलं आणि काठावर बसलेल्या सासूला, म्हणजे कमळाबाईला, सुनेच्या उजव्या जांघेत अंड्याएवढी गाठ दिसली. कमळाबाई तिथेच ओरडली. सासूच्या हिशोबाने सगळं सरळ होतं. पोराचं पाणी डॉक्टरांनी काढलं, ते पट्ट्यांतून तलावात उतरलं आणि तिथून सुनेच्या अंगात शिरलं.

"पाणी आटत नाई, जागा बदलते," ती म्हणायची. तलावावर जगणाऱ्या गावाला हे पटायला वेळ लागला नाही.

गोकुळा गुपचूप दवाखान्यात येऊन गेली होती. डॉक्टरीणबाईंना वाटलं, हत्तीरोगाने जांघेतली गाठ सुजली असेल. आमच्या भागात कोणत्याही डॉक्टरला आधी तेच वाटलं असतं. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या आणि गाठ होती तिथेच राहिली. इकडे कमळाबाईने ठरवून टाकलं. सुनेला नदीपलीकडे चामोर्शीला तिच्या माहेरी पोचवायचं. रुपाली, म्हणजे गोकुळाची छोटी मुलगी, आजीजवळ राहील. आईच्या अंगातलं पाणी मुलीच्या अंगात जायला नको.

इस्तारी आईपुढे बोलणारा नव्हता. तो बायकोला घेऊन निघाला खरा, पण नदीची वाट सोडून आधी दवाखान्यात आला. एवढं धाडस त्याने केलं, याबद्दल मी त्याला मानतो.

"डाक्टरीनबाई, हिले पाहून घ्या एकडाव," तो दारातूनच म्हणाला. "मंग मी हिले चामोर्शीले पोचवून देतो."

"माहेरी? कशाला?" बाईंनी विचारलं.

गोकुळाच्या काखेत कपड्यांचं गाठोडं होतं. ते तिने खाली ठेवलं नाही.

"मी सांगतो," ती म्हणाली. तिकडे बायकाही 'मी सांगतो' म्हणतात. "गाठ नाई गेली तं मले घरात नाई घेत. पोट्टी ठेवून घेतली. बाई, माही पोट्टी तीन वर्साची नाई झाली अजून. मायाबिगर झोपत नाई थे."

त्या दिवशी गुणवंतराव फेरीवर आलेले होते. त्यांनी गोकुळाला पलीकडच्या वॉर्डात तपासलं. मी खिळ्यावरून ऐकत होतो.

"खोका बरं. अजून एकदा. आता आडव्या व्हा. दुखतं का?"

"नाई साहेब. जड लागते फकस्त. दिवसभर पान्यात उभी राह्यलो का जास्त."

"खोकल्यावर फुगत नाही, झोपल्यावर आत जात नाही," गुणवंतराव बाईंना सांगत होते. "हर्निया म्हणावा, तर हर्नियासारखा वागत नाही. आतडं अडकलं असतं, तर ही बाई चालत आली नसती. हत्तीरोगाची गाठ म्हणावी, तर ती अशी गुळगुळीत नसते."

मग ते बोटांनी खाटेच्या लोखंडावर ठकठक करायला लागले. गुणवंतराव असं ठकठक करायला लागले, की ते काहीतरी आठवत असतात. एवढ्या वर्षांत मला ते माहीत झालं होतं.

"टॉर्च आणा," ते म्हणाले.

"सर, तो पुरुषांच्या वॉर्डात असतो," बाई म्हणाल्या.

"तो काय तिकडे नांदायला गेलाय? आणा इकडे."

आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेलो. खिडक्या लावल्या. पडदे ओढले. गोकुळाने डोळे घट्ट मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी मला गाठीच्या कडेला टेकवलं आणि बटण सरकवलं. गाठ लाल उजळली. शिबिरातल्या कितीतरी पुरुषांच्या वेळी मी पाहिला होता, तोच हा रंग होता.

"बाईला हायड्रोसिल," गुणवंतराव हळूच म्हणाले. "कॉलेजच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपलं होतं. परीक्षेत कधी आलं नाही, म्हणून आम्हीही सोडून दिलं."

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! पण तो औटघटकेचा ठरला. दाराबाहेर इस्तारी उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

"पाणी हाय?" त्याने विचारलं. "मले होतं तसंच?"

"पाणीच आहे," बाई म्हणाल्या.

इस्तारी भिंतीला टेकून खाली बसला. "मंग माय खरंच सांगून राह्यली होती," तो म्हणाला.

गोकुळाने ते ऐकलं आणि ती उठून बसली. तिने गाठोडं जवळ ओढलं. मी खोटं दाखवलं नव्हतं, पण माझ्याच उजेडाने तिचं घर तिच्या हातून चाललं होतं. काही दाखवलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी वाटलं.

डॉक्टरीणबाई मात्र घाईघाईने बोलल्या नाहीत. त्या इस्तारीच्या समोर स्टूल घेऊन बसल्या आणि गोकुळालाही त्यांनी बाहेर बोलावलं.

"गोकुळा, परकराला नेफा असतो ना? त्यातून नाडी जाते?"

"हो."

"तशीच प्रत्येक मुलीच्या पोटातून जांघेकडे एक बारीक वाट असते. आईच्या पोटात असतानाच ती तयार होते आणि बहुतेक मुलींची जन्माच्या आगेमागे बुजून जाते. तुझी थोडी उघडी राहिली. त्यात थेंब थेंब पाणी साचत गेलं. तुझं लग्नही झालं नव्हतं, तेव्हापासून ती वाट आहे. इस्तारीला मच्छरापासून झालं. तुझं तुझ्याबरोबर जन्मलेलं आहे. दोघांचं पाणी एकमेकांच्या ओळखीचंसुद्धा नाही."

इस्तारी उठून उभा राहिला.

"हे तुमी मायले सांगा बाई," तो म्हणाला. "माह्यानं नाई होत."

"बोलावून आण मग. ऑपरेशनच्या दिवशी घरचं बाईमाणूस लागतंच."

गुणवंतराव सावध माणूस. नुसत्या माझ्या उजेडावर त्यांनी चाकू उचलला नाही. पिशवीत पाण्याबरोबर आतड्याचा तुकडा शिरलेला असू शकतो, असं म्हणून त्यांनी गोकुळाला चंद्रपूरला सोनोग्राफीला पाठवलं. तिथेही पाण्याचीच पिशवी दिसली. मला जरा राग आला होता, पण तपासून बघितलं ते बरंच केलं.

पुढच्या फेरीला ऑपरेशन झालं. कमरेत सुई देऊन गोकुळाचं खालचं अंग बधिर केलं. वीज गेली तर हाताशी असावा म्हणून मला सिस्टरच्या हातात दिलं होतं. वीज गेली नाही. मी मात्र सगळं पाहिलं. गुणवंतरावांनी जांघेच्या घडीशी चिरा दिला आणि एकेक थर बाजूला करत आत गेले. तिथे एक पातळ, निळसर पिशवी होती. गर्भाशयाला धरून ठेवणारा दोरीसारखा एक पट्टा असतो, त्याला ती चिकटली होती. ती ओढून काढायची नसते. चिमट्याने आणि बोटाने हळूहळू सुटी करावी लागते. गुणवंतरावांनी पिशवी न फोडता तिच्या मानेपर्यंत सोडवली, पोटाच्या तोंडाशी घट्ट बांधली आणि कापली. मग तिथली सैल पडलेली भिंत टाके घालून पक्की केली. फार रक्तही गेलं नाही. सगळं मिळून ते दोन-तीनच वाक्यं बोलले असतील, त्यातलं एक माशीबद्दल होतं.

कमळाबाई बाहेर बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर रुपाली होती. आमच्याकडे रिवाज आहे, की काढलेली वस्तू घरच्यांना दाखवायची. नाहीतर आत काय केलं आणि काय नाही, असा संशय राहतो. डॉक्टरीणबाई ट्रेमध्ये ती पिशवी घेऊन आल्या आणि मला मागून धरून त्यांनी ती उजळून दाखवली. रुपाली टाळ्या वाजवायला लागली. कमळाबाईने तिचे हात धरले.

बाईंनी नेफ्याची आणि नाडीची गोष्ट पुन्हा सांगितली. कमळाबाई पापणी न हलवता ऐकत होती. मला वाटलं, आता ही भांडणार. पण तिने वेगळंच विचारलं.

"म्हंजे हे कोनापासून कोनाले जात नाई?"

"नाही."

"नवऱ्यापासून बायकोले?"

"नाही, कमळाबाई."

"अन् मायपासून लेकराले? पोटात असताना?"

"तसंही जात नाही. इस्तारीचं मच्छरापासून, हिचं आपलं आपल्या अंगातलं. कोणी कोणाला दिलेलं नाही."

कमळाबाई उठली, पुन्हा बसली. मग तिने रुपालीला इस्तारीकडे दिलं. "हिले बाहेर ने. बोरं दे तोडून," ती म्हणाली. पोरगा आणि नात दिसेनाशी झाल्यावर ती डॉक्टरीणबाईंच्या अगदी जवळ आली.

"बाई, थो टार्च मले बी लावून पाहाता का?"

तिच्याही जांघेत गाठ होती. इस्तारी पोटात होता त्या वर्षापासूनची. आईला सांगितली नाही, नवऱ्याला सांगितली नाही, नवरा गेल्यावर तर सांगण्याचा प्रश्नच नव्हता. पोराला हायड्रोसिल झालं तेव्हा तिने मनाशी पक्कं धरलं, की आपलंच दुखणं आपण पोराला पोटातून दिलं. मग सुनेला गाठ दिसली. आता पाळी नातीची, या भीतीने तिची झोप उडाली होती. सुनेला हाकलत होती ती रागाने नव्हे. ती नातीला वाचवत होती, आणि काय लपवते आहे ते कोणाला कळू नये म्हणून ओरडत होती.

पुन्हा खिडक्या लागल्या. बाईंनी मला कमळाबाईच्या गाठीला टेकवलं आणि पेटवलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. पलीकडे काही दिसलं नाही.

"इझला का वं थो?" कमळाबाईने विचारलं.

"नाही. तो पेटलेला आहे. तुमच्या गाठीत पाणी नाही. हा हर्निया आहे, आतड्याचा भाग खाली उतरतो. हा वेगळाच आजार. ऑपरेशनने बरा होतो, पण आता वेळ घालवू नका. अडकला तर जिवावर बेततं."

"पानी नाईच?"

"थेंबभरसुद्धा नाही."

"मंग मी पोराले काईच नाई देलं?"

"काहीच नाही दिलं, कमळाबाई."

ती म्हातारी रडली. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता रडली. ऑपरेशनला घाबरून नव्हे. मुलाला आपणच आजारी पाडलं, असं समजून ती गप्पगप्प जगत आली होती, आणि ते ओझं एका क्षणात उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं नाही. मला विझवायचं त्या विसरल्या, आणि माझे सेल त्या दिवशी तसेच जळत राहिले. मी तक्रार केली नाही.

संध्याकाळी गोकुळाच्या पायांत जाण आली. कमळाबाई तिच्या खाटेशी गेली. सुनेची क्षमा मागण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि तिला ते जमलंही नसतं. तिने रुपालीला आईच्या कुशीत ठेवलं आणि खाटेखालचं गाठोडं उचलायला वाकली.

"मायजी, थे काऊन नेता? चामोर्शीले?" गोकुळाने घाबरून विचारलं.

"कायची चामोर्शी वं! घरी नेतो. धुवून वाळवून ठेवतो. तू टाके निंगाले का ये." मग जरा थांबून ती म्हणाली, "लवकर ये. मले बी इथीच येऊन पडाचं हाय. मायाजवळ कोन राहीन?"

"मीच राहीन न," गोकुळा म्हणाली.

आणि ती राहिली. गुणवंतरावांनी कमळाबाईचा हर्निया नीट बांधला. त्या ऑपरेशनच्या वेळी वीज गेली होती, आणि टाके माझ्या उजेडात पडले. हे मुद्दाम सांगायचं नव्हतं, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही. त्यानंतर मला टांगायला बायकांच्या वॉर्डातही एक खिळा ठोकला गेला. गोकुळासारखी गाठ पुन्हा कधी दिसली नाही. ती फार दुर्मिळ असते. पण दुसऱ्या कितीतरी गोष्टी दिसल्या, ज्या बायका वर्षानुवर्षं पदराआड घेऊन फिरत होत्या.

आता दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं आहे. डॉक्टरांच्या खिशात पेनाएवढे टॉर्च असतात. मला कपाटात ठेवून दिलं, याचं दुःख करत मी बसत नाही. ठेवताना सेल काढून घेतले, हे मात्र चांगलं केलं. सेल तसेच राहिले की फुटून आतून गंज चढतो, आणि बाहेरून कोणाला पत्ताही लागत नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर त्याचे सेल आजच काढा.

आणि मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मोठं माणूस विनाकारण ओरडत असेल, कोणाला दूर लोटत असेल, तर त्याच्यावर उलटून ओरडू नका. जरा जवळ बसा, दार लोटून घ्या आणि विचारा, "माय, तुले कुठी दुखते?"